नानांची यायची राहिलेली चूक

विमानांच्या हँगरमध्ये नोकरीला लागले त्या पहिल्या दिवशी मला कोणी "या, बसा" म्हटलं नाही. दारातच पांढऱ्या मिशांच्या एका किडकिडीत गृहस्थांनी मला अडवलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "ताई, केसात आकडे किती?"

मला वाटलं, काहीतरी गंमत चालली आहे. मी आपली अंदाजपंचे म्हणाले, "सहा." त्यांनी दारावरच्या वहीत माझ्या नावापुढं सहा लिहून घेतले.

दोन तासांनी बाहेर पडताना त्यांनी पुन्हा थांबवलं. आकडे निघाले पाच. पुढच्या पाच मिनिटांत हँगरमधलं सगळं काम बंद झालं. मी ज्या दोन विमानांजवळून गेले होते त्यांच्या इंजिनांवरची झाकणं परत उघडली गेली आणि आठ-दहा पुरुष टॉर्च घेऊन माझा आकडा शोधायला लागले. कोणी फरशीवर पालथं पडलेलं, कोणी चाकामागं डोकं घातलेलं. लाजेनं माझं पाणी पाणी झालं. शेवटी घरी फोन केला, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, एक इथं आरशापाशी पडलाय की!"

मला वाटलं आता हे गृहस्थ माझा उद्धार करणार. पण ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुमी खोटं नाय बोलल्या. तुमी अंदाज बोलल्या. पर इंजिनाला दोन्हीतला फरक कळत नाय."

दुसऱ्या दिवशी मी एकही आकडा न लावता, केस रबरानं बांधून गेले. दारात तेच उभे. वही उघडून म्हणाले, "रबर किती?"

हे आमचे नाना. रंगनाथ बोडखे. मूळचे शेंद्र्याचे. ऐन विशीत हवाई दलात गेले, तिथं वर्षानुवर्षं इंजिनं उघडली आणि मिटली, आणि निवृत्त होऊन गावी आले. गावी येऊन शेतात रमावं, तर विहिरीवरच्या पंपाचा आवाज जरा बदलला की पंप खोलून बसत. घरच्यांनी वैतागून त्यांना चिकलठाण्याला, विमान चालवायला शिकवणाऱ्या आमच्या संस्थेत पाठवलं. तिथं ते इंजिनांचे तपासनीस झाले. त्यांच्याकडं सरकारमान्य नंबराचा एक छोटासा गोल शिक्का होता. तो कागदावर उमटल्याशिवाय आमचं एकही विमान हलत नसे. मी रेकॉर्डवाली. कोणत्या विमानाचं काय बदललं, कधी बदललं, कोणी तपासलं, हे सगळं माझ्या फायलींत. त्यामुळं माझा दिवस नानांच्या शिक्क्याची वाट बघण्यात जाई. आणि नाना काही शिक्का मारायची घाई करत नसत. सही करताना कोणी बोललं की पेन टोपणात घालून गप्प बसत. बोलणारा बोलून दमला की पुन्हा टोपण काढत.

त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एकही चूक झालेली नाही, असं आमच्याकडं सगळे सांगत. नव्या मुलांना तर ही गोष्ट पहिल्याच दिवशी ऐकवली जाई, जशी गावात देवाची आख्यायिका सांगतात तशी. फक्त एका माणसाला ती ऐकवत नसे, आणि ते म्हणजे नाना. कोणी तसं बोललं की त्यांच्या कपाळाला आठी पडे.

"झाली नाय म्हनू नगा," ते म्हणत. "अजून यायची हाय म्हना. हरेक मेकॅनिकची एक चूक ठरलेली असती. कुनाची पहिल्या वर्षी येती, कुनाची इसाव्या वर्षी. माझी यायची ऱ्हायलीय. मी रोज दारात तिची वाट बघतो. माझं म्हननं येवढंच हाय, की ती जमिनीवर यावी. वर पोरगं बसलेलं असताना येऊ नये."

हे ते इतक्या सहज बोलत, की एखाद्या पाहुण्याबद्दल बोलत असावेत. आम्ही हसायचो. नाना हसायचे नाहीत. घरी जायच्या आधी ते रोज पाच मिनिटं खुर्चीत डोळे मिटून बसायचे आणि दिवसभर केलेलं काम पहिल्यापासून मनात पुन्हा करायचे. बोटंसुद्धा हलायची. नव्या माणसाला वाटे, म्हातारा जप करतोय.

त्यांचा सगळ्यात प्रसिद्ध नियम होता तीन पायऱ्यांचा. काम करताना मध्येच कोणी हाक मारली, फोन आला, शिंक जरी आली, तरी जिथं थांबलो तिथून पुढं जायचं नाही. तीन पायऱ्या मागं जायचं, झालेलं काम उलगडायचं आणि मग पुढं यायचं. "डोकं लबाड असतंय," ते सांगत. "करायचं ठरवलं, की त्याला वाटतं केलंच. मधी कुनी हाक मारली की ते हळूच एक पायरी गाळतं, आन तुमाला पत्ता लागू देत नाय." इंजिनाच्या बाबतीत हा नियम सोन्यासारखा आहे. अडचण एवढीच, की नाना तो घरीही लावत.

त्यांच्या बायकोचं नाव सुमनकाकू. नानांबद्दलचं माझं निम्मं ज्ञान काकूंच्या ओट्यापाशी उभं राहून मिळवलेलं आहे. एकदा काकू तापानं आजारी होत्या. नानांनी पिठलं टाकलं. मीठ घातलं, आणि तेवढ्यात दारावर गॅसवाला आला. परत येऊन नियमाप्रमाणं नाना तीन पायऱ्या मागं गेले. तिखट पुन्हा, हळद पुन्हा, मीठ पुन्हा. मग शेजारीण काकूंची चौकशी करायला आली. नाना परत तीन पायऱ्या मागं. काकू सांगत होत्या, "मला तोंडाला चव नव्हती म्हनून पहिला घास गेला. दुसऱ्या घासाला ताप उतरला." नानांनी त्यावर गंभीरपणे विचार केला होता आणि आठ दिवसांनी निष्कर्ष सांगितला होता, "इंजिन उलगडता येतं. पिठलं उलगडता येत नाय. तवा सैपाकाला दुसरा नेम पायजे."

हँगरमध्ये हत्यारांचा एक फळा असतो. प्रत्येक पान्याचा, पकडीचा आकार त्यावर काळ्या रंगात काढलेला असतो. हत्यार जागेवर नसलं की तो काळा आकार लांबूनही दिसतो, आणि ते सापडल्याशिवाय विमान बाहेर जात नाही, कारण ते हत्यार विमानातच राहिलेलं असू शकतं. नानांनी घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर तसाच फळा केला होता. पळीचा आकार, झाऱ्याचा आकार, उलथन्याचा आकार, सांडशीचा आकार. काकू रोज एक तरी वस्तू मुद्दाम चुकीच्या जागी टांगत. "हाय काय नाय काय," त्या म्हणत, "तेवढंच त्यांना घरी आल्यावर काम." नाना आल्याबरोबर पाणी पिण्याआधी भिंतीकडं बघत, झारा उतरवून त्याच्या जागी लावत आणि समाधानानं बसत. तीस वर्षांचा त्यांचा संसार हा असा चालला होता, आणि माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच संसारांपेक्षा बरा चालला होता.

नानांच्या तोंडात एक शब्द नसे. तो म्हणजे "कोणी?" एकदा एका इंजिनाच्या झाकणाखाली हात पुसायचं फडकं सापडलं. ते तापून पेटलं असतं तर काय झालं असतं, ते सांगायला नको. आमचे मोठे साहेब, म्हणजे संस्थेचे प्रमुख, हँगरमध्ये येऊन गरजले, "कोणी ठेवलं हे?" दहा-बारा माणसं खाली माना घालून उभी. नाना पुढं झाले.

"साहेब, कुनी ते इचारू नगा. कसं ऱ्हायलं ते इचारा."

"का? नाव कळायला नको?"

"नाव इचारलं तर उद्यापासून फडकी सापडायची बंद होतील."

"मग चांगलंच आहे की!"

"सापडायची बंद होतील, साहेब. ऱ्हायची बंद होनार नायत."

साहेबांना हे समजायला मिनिटभर लागलं. मग ते आपल्या खोलीकडं गेले. दुपारी एक मेकॅनिक आपण होऊन नानांकडं आला आणि कसं राहिलं ते सांगितलं. दोघांनी बसून फडक्यांना नंबर घालायची पद्धत काढली. त्या माणसाचं नाव मला आजही माहीत नाही, आणि माझ्यासारख्या चौकस बाईला ते माहीत नसणं हा नानांचा मोठाच पराक्रम म्हणायचा.

हँगरमध्ये नानांच्या तोडीचा दुसरा माणूस म्हणजे सलीमभाई. शहरातले, वयानं नानांपेक्षा दहा वर्षांनी लहान, पोटानं दुप्पट. इंजिनावर त्यांचाही हात बसलेला होता आणि तपासणीची सही करायचा अधिकार त्यांनाही होता. नाना तपासायला आले की सलीमभाई वैतागून म्हणत, "क्या नाना, सुबे सुबे कायको ताप देते? बीस साल से कर रहा हूं." नाना काडीला लावलेल्या आरशानं इंजिनाच्या सांदीकोपऱ्यात बघत शांतपणे म्हणत, "म्हनूनच बघतो." आणि बारा महिन्यांतून एकदा काहीतरी सापडेच. कुठं नट अर्धा फेरा ढिला, कुठं पाईप जरासा घासलेला. मग सलीमभाई दिवसभर नानांच्या नावानं बोटं मोडत आणि संध्याकाळी त्यांच्यासाठी बुढ्ढीच्या बालांचा, म्हणजे साखरेच्या कापसाचा, पुडा आणत, कारण नानांना गोड आवडे आणि काकू देत नसत.

आमच्याकडचा नियम असा, की महत्त्वाचं काम ज्यानं केलं, त्यानं ते तपासायचं नाही. दुसऱ्यानं तपासायचं. नाना स्वतः क्वचितच हातानं काम करत. केलंच, तर ते तपासायचं काम सलीमभाईंचं. आणि इथंच नानांची ती चूक येऊन बसलेली होती, दारातून न येता, आमच्या कोणाच्या ध्यानात न येता.

तो लग्नसराईचा महिना होता. निम्मं हँगर कुठल्या ना कुठल्या मांडवात होतं. एका शिकाऊ विमानाच्या इंजिनाचं तेल आणि तेलाचा फिल्टर बदलायचा होता, आणि माणूस नव्हता. नाना म्हणाले, मी करतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या भाचीचं शेंद्र्याला लग्न. नाना मुलीचे मामा, म्हणजे मांडवातले मानाचे. मोबाईल हँगरमध्ये न्यायचा नाही हा नियम नानांचाच. पण त्या दिवशी बहिणीचे दर पंधरा मिनिटांनी फोन येत होते, म्हणून त्यांनी तो खिशात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा.

तेलाचा फिल्टर डब्यासारखा असतो. तो आधी हातानं फिरवून बसवायचा, मग मापाच्या पान्यानं ठरलेल्या जोरापर्यंत आवळायचा, आणि मग इंजिनाच्या थरथरीनं तो सुटू नये म्हणून तारेनं पिळून बांधायचा. नानांनी तो हातानं बसवला आणि फोन वाजला. बहीण विचारत होती, मामाचा फेटा केशरी आणू का गुलाबी? नाना म्हणाले, कसला बी आन. बहीण म्हणाली, असं कसं, फोटोत भाचीच्या शालूला शोभला पाहिजे. सात-आठ मिनिटं हे चाललं. फोन ठेवून नानांनी हात पुसले, इंजिन जरा वेळ चालवून बघितलं, थेंबही गळत नव्हता. झाकण लावलं आणि कागदावर सही केली. खुर्चीत डोळे मिटून बसायची वेळ झाली, तोवर बहिणीचा पुढचा फोन आला होता.

सलीमभाई कागद घेऊन विमानापाशी गेले. झाकण लावलेलं. वर नानांची सही. त्यांनी तिथंच, विमानाच्या पंखावर कागद ठेवून तपासल्याची सही केली आणि कागद माझ्याकडं पाठवला. मी तो फायलीला लावला. मीही काही विचारलं नाही. नानांचं काम, विचारायचं काय!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच विमानातून श्रुती नावाची जालन्याची मुलगी पहिल्यांदा एकटी उडणार होती. आमच्याकडं ही मोठी गोष्ट. शेजारी शिक्षक नाही, विमानात आपण एकटं. तिचे आईवडील कुंपणापाशी उभे होते. वडिलांच्या हातात पेढ्यांचा खोका, आईच्या हातात ओवाळायचं ताट, आणि त्यातला दिवा वाऱ्यानं विझू नये म्हणून एक मावशी पदर धरून उभी.

मी टेबलापाशी होते, आणि फोन वाजला. नाना. मागं मंगलाष्टकं चालली होती, आणि गुरुजींना खोकला झालेला होता हेसुद्धा मला ऐकू येत होतं.

"ताई, काल मी फिल्टर बदललेलं इमान कुठंय?"

"निघालंय की नाना, धावपट्टीकडं. श्रुतीची पहिली फेरी आहे ना."

"थांबवा."

"काय?"

"थांबवा म्हनतो! मला पान्याचा हात आठवत नाय. फिल्टर हातात आठवतो, फोन आठवतो, गुलाबी फेटा आठवतो. पाना आठवत नाय. तार पिळल्याली आठवत नाय."

मागून कोणीतरी बाई ओरडली, "अरे मामा कुठं गेला? अक्षता टाकायच्यात!"

मी पळत वायरलेसपाशी गेले. माझ्या वजनाची बाई पळते तेव्हा लोक आपोआप रस्ता देतात. श्रुतीचे शिक्षक तिथंच होते. मी म्हणाले, "थांबवा तिला, नाना म्हणतात." पुढं एकही प्रश्न न विचारता त्यांनी माईक उचलला. विमान धावपट्टीच्या तोंडाशी उभं होतं. ते थांबलं, वळलं, आणि कुंपणापलीकडच्या ताटातला दिवा तेवढ्यात खरंच विझला. इंजिन बंद करून श्रुती रडत उतरली. तिला वाटलं, तिचंच काहीतरी चुकलं.

सलीमभाईंनी झाकण काढलं. फिल्टरला तार नव्हती. त्यांनी हात घालून फिल्टर फिरवून पाहिला. तो फिरला. दोन बोटांनी, बरणीचं झाकण फिरावं तसा. जमिनीवर नुसतं चालवताना गळला नव्हता, पण वर गेल्यावर थरथरीनं तो सुटला असता, तेल वाहून गेलं असतं आणि इंजिन बंद पडलं असतं. आत पहिल्यांदाच एकटी बसलेली मुलगी. सलीमभाई तिथंच फरशीवर बसले. एवढा मोठा माणूस, पण मला एकदम लहान दिसला.

"मैं देखाच नै, बाई," ते म्हणाले. "नाना का काम था. मैं देखाच नै."

अर्ध्या तासात नाना मोटारसायकलवरून आले. डोक्यावर गुलाबी फेटा, अंगात नवा सदरा, कपाळाला कुंकू. पळत आत येतील असं मला वाटलं, पण ते दाराशी थांबले. अंगावर अक्षता होत्या, आणि हँगरमध्ये सुटी वस्तू न्यायची नाही. तिथं उभं राहून ते कॉलरमधले, खिशातले, फेट्याच्या घड्यांतले तांदूळ एकेक वेचून काढत होते, आणि घाईत अर्धे पुन्हा खिशात पडत होते.  शेवटी मीच जाऊन त्यांच्या पाठीवरचे तांदूळ झटकले.

त्यांनी फिल्टर पाहिला.  मग म्हणाले, "आली म्हनायची." आणि थोड्या वेळानं, "जमिनीवर आली."

मग ते कुंपणापाशी गेले, श्रुतीच्या वडिलांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तुमच्या पोरीचं काय चुकलं नाय. माझ्याकडनं एक तार बांधायची ऱ्हायली हुती." वडील जालन्याचे व्यापारी गृहस्थ. फेटेवाल्या माणसाकडं बघतच राहिले. मग विचारलं, "आता बांधली का?"

"सलीमनं बांधली. आन मी तपासली."

दुपारी श्रुती उडाली आणि उतरली. पेढे वाटले गेले. तिच्या वडिलांनी पहिला पेढा नानांना दिला, आणि तो त्यांनी काकूंना न विचारता खाल्ला.

मोठ्या साहेबांनी नानांना आणि सलीमभाईंना खोलीत बोलावलं. मी फाईल घेऊन होतेच. साहेब चांगले होते. म्हणाले, "नाना, विमान उडालंच नाही. काही झालंच नाही. चार महिन्यांत तुम्ही निवृत्त होताय. कशाला कागद करायचा?"

"साहेब, इमान उडालं नाय ते नशीब. मी कागदावर रोज काम लिवतो. नशीब कुठल्या रकान्यात लिवू?"

साहेबांनी कागद करायला मान डोलावली.  बाहेर आल्यावर मी नानांवर अक्षरशः ओरडले. अहो, शिक्का काढून घेतील, इतक्या वर्षांचं नाव जाईल, चार महिने कळ काढवत नाही का? मी तुमचा अहवाल टाईप करणार नाही, म्हणाले.  नाना माझ्या कॉम्प्युटरपाशी बसले आणि एका बोटानं अक्षर शोधत शोधत, दीड तास लावून तो अहवाल त्यांनी स्वतः लिहिला. मग माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "तपासा."

त्यात फोनचं होतं, फेट्याचं होतं, पान्याचं होतं, कसं राहिलं ते सगळं होतं. आणि शेवटी असं होतं: दुसऱ्या तपासणीची सही न बघता झाली. त्याला कारण पहिलं काम करणारा माणूस. त्याचं काम बघायची कोणाला गरज वाटत नव्हती. ही त्या माणसाची मूळ चूक असून ती बरीच वर्षं चालू होती.

"हे शेवटचं कशाला?" मी विचारलं.

"तेच तर खरं हाय," नाना म्हणाले. "तार ऱ्हायली, ती काय, एक पायरी गळाली. पर सलीमसारखा मानूस झाकन न काढता सही करतो, ते का? मी वीस वर्षं त्याचं काम बघितलं. माझं काम बघ, असं त्याला एकदा बी म्हनलो नाय. लोक म्हनायचे नानाची चूक होत नाय, आन मी नुसती आठी घालायचो. मला आतून ते गोड लागत हुतं, ताई."

मला रडू आलं. मी एक काना दुरुस्त केला आणि कागद पुढं पाठवला.

शिक्का गेला. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी तो काढून घेतला, आणि पुन्हा मिळवायला परीक्षा, आणि परीक्षेच्या तारखेआधी निवृत्ती. नाना उरलेले महिने साधे मेकॅनिक म्हणून काम करणार होते. सलीमभाईंनाही समज मिळाली, आणि ते नानांशी आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलले, पण भांडायला. "मेरे कू लिखने का था ना, मैं नै देखा. तुम कायको अपने उपर लिये?" नाना म्हणाले, "तुझं बी लिवलंय, नीट वाच." भांडण तिथंच मिटलं, कारण सलीमभाईंनी अहवाल खरंच नीट वाचला नव्हता. शेंद्र्याच्या नव्या जावयानं मात्र नानांना गाठून विचारलं, की मामा मधेच उठून गेले, तर मंगलाष्टकं तीन मागं जाऊन पुन्हा म्हणायची का? काकू म्हणतात, नानांनी यावर दोन मिनिटं खरोखर विचार केला.

निवृत्तीच्या दिवशी दुपारी चार वाजता समारंभ होता. हँगरच्या एका टोकाला टेबल, शाल, श्रीफळ, समोशांचं ताट. साहेब सूट घालून आलेले, काकू पहिल्या खुर्चीत. आणि नाना दुसऱ्या टोकाला, कारण त्यांनी एका इंजिनाचा फिल्टर नुकताच बसवला होता, आणि सलीमभाई तो तपासत होते.

सलीमभाई आरसा आणि टॉर्च घेऊन इंजिनात जवळजवळ कमरेपर्यंत शिरले होते. नाना पाठीमागं हात बांधून बाजूला उभे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आतून आवाज आला, "नाना, तार ढिली है. निकालो. फिरसे करो."

मी नानांकडं पाहिलं. त्यांनी वाकून पाहिलं. तार खरंच जरा सैल होती. त्यांनी ती कापली, नवी ओवली, पिळली आणि पुन्हा बाजूला उभे राहिले. सलीमभाई पुन्हा आत शिरले आणि पहिल्यापासून बघायला लागले.

समोसे गार होत होते. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि तिकडून हाक मारली, "सलीम, अहो आवरा! सगळे नानांसाठी थांबलेत!"

नाना मागं वळले. माझ्या इतक्या वर्षांच्या ओळखीत त्यांचा चेहरा इतका आनंदी मी कधी पाहिला नव्हता.

"त्याला हाक मारू नगा, साहेब," ते म्हणाले. "तो माझं काम बघतोय."